स्कूटर काढायची दहा मिनिटं

सिनेमा संपायला दहा मिनिटं उरली की बाबा उठायचे. पडद्यावर कोणाच्या छातीवर पिस्तूल रोखलेलं असो की कोणाचं बिंग फुटायच्या बेतात असो, बाबा घड्याळ बघायचे, रुमाल खिशात घालायचे आणि लेकीच्या खांद्याला हात लावायचे. "चल. गर्दी सुटली की स्कूटर निघत नाही."

यात खोटं काही नव्हतं. त्या टॉकीजच्या आवारात स्कूटरी अशा खेटून लावलेल्या असत की एकीचा आरसा दुसरीच्या ब्रेकमध्ये अडकायचा. जो आधी गेला तो सुटला, बाकीचे अर्धा तास एकमेकांना "जरा मागे घ्या" म्हणत उभे. बाबांनी आयुष्यात पुष्कळ गोष्टी उशिरा केल्या, लग्नसुद्धा, पण स्कूटर मात्र कायम पहिली काढली. परिणाम असा की सहाव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत लेकीने रविवारच्या सकाळच्या खेळाला साठ-सत्तर सिनेमे पाहिले आणि एकाचाही शेवट पाहिला नाही.

शेवट बाबा स्कूटरवर सांगायचे. मान किंचित मागे वळवून, वाऱ्यात ओरडून.

"पण तुम्ही कुठे पाहिलात?" असं तिने एकदा विचारलं होतं.

"अगं, वजनं तपासण्यात जन्म गेला माझा. काटा कुठे थांबणार ते तो हलतानाच कळतं."

बाबा वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. आठवडाभर दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेले मेणाचे गोळे शोधायचे, पोकळ केलेली वजनं जप्त करायची, आणि रविवारी पडद्यावरच्या चोरासाठी जीव टाकायचा. चोरही ठरावीक जातीचा लागे. ज्या सिनेमांची गाणी न्हाव्याच्या दुकानात वाजतात ते बाबांना चालत नसत. त्यांना हवे असत काळेपांढरे, आठवड्याभरात उतरलेले, काढणाऱ्यानेही विसरून टाकलेले हिंदी सिनेमे. त्यांत खिसेकापू असत, पुलाखाली झोपणारे असत, एका नळावर चाळीस बिऱ्हाडं असत, आणि त्यांच्यातलाच कोणीतरी एक दिवस एक चूक करी.

"गरिबीचा सिनेमा आहे ना? मग पाणी कुठून भरतात ते दाखवा," असं बाबा पडद्याला हळूच बजावत. दाखवलं की मांडीवर थाप. नायकाच्या सदऱ्याचं तिसरं बटण सुरुवातीला तुटलेलं असेल तर ते शेवटपर्यंत तुटलेलंच राहिलं पाहिजे. मधेच कोणी शिवून टाकलं तर तो दिग्दर्शक बाबांच्या लेखी खोट्या वजनाचा. "यांच्याकडे दिवे भाड्याने आणायची ऐपत नव्हती," ते म्हणायचे, "म्हणून अंधार इतका खरा उतरलाय बघ." लेक पुढे ग्रंथपाल झाली. सावल्या, शहर आणि गुन्हा यांवर तिने बरीच जाडजूड पुस्तकं वाचली, आणि दर वेळी तिला वाटलं की हे आपण आधी ऐकलंय, पेट्रोलच्या वासासकट.

बाबा आठ महिन्यांपूर्वी गेले. दवाखान्यातला सोळावा दिवस होता. लेक उशाशी होती. फक्त थर्मास भरून आणायला म्हणून खाली गेली आणि येताना लिफ्टला गर्दी होती. दहा मिनिटं लागली असतील. त्याविषयी ती पुढे कोणाशी बोलली नाही. आई म्हणाली, "निरोप घेणं त्यांना कधी जमलंच नाही," आणि थर्मास विसळायला घेतला.

तर अशी एक बाई, वय सेहेचाळीस, हिने मनाशी घेतलं की आता निदान एका सिनेमाचा शेवट बघायचाच. तोही 'पिछली सीढ़ी'चा.

'पिछली सीढ़ी' बापलेकीने तीनदा पाहिला होता आणि तीनदा अर्धवट सोडला होता. त्यात एक किल्लीवाला असतो. हरवलेल्या किल्ल्या बनवून देणारा, हाताचा कसबी, आईबरोबर जिन्याखालच्या खोलीत राहणारा. त्या खोलीला खिडकी नसते. त्याला जगात फक्त एक खिडकी हवी असते, आणि ती देतो म्हणून एक टोळी त्याच्याकडून एकच किल्ली बनवून मागते. मागावर असतो एक इन्स्पेक्टर. त्याचा बूट फाटका आहे, पाऊल टाकलं की चपचप वाजतं. बाबा त्या बुटावर फिदा होते. "चोर आणि पोलीस एकाच चांभाराकडे जाणारे, हे दाखवायला हिंमत लागते." इन्स्पेक्टर मागच्या जिन्याची पहिली पायरी चढला, चपचप, की बाबा उठत.

पुढचं स्कूटरवर. इन्स्पेक्टर वर जातो, तिजोरी उघडतो, तर ती रिकामी. रिकामी तिजोरी उघडणं हा गुन्हा होत नाही. सुटला. मग किल्लीवाल्याने कुलपांचं दुकान काढलं आणि खिडकीची खोली घेतली.

"खिडकी कुठल्या बाजूला?"

"पूर्वेला. सकाळचं ऊन येतं."

"आणि त्याची आई?"

"ती खिडकीत बसते."

आता हा सिनेमा शोधायचा म्हणजे गवताच्या गंजीत सुई, आणि सुई होती की नव्हती याचाही पत्ता नाही. लेकीने ग्रंथपालाच्या शिस्तीने तीन संग्रहालयांना पत्रं पाठवली. एकाने कळवलं की असा सिनेमा नोंदीत नाही. दुसऱ्याने कळवलं की असल्यास आम्हालाही कळवावे. तिसऱ्याने छापील अर्ज पाठवला आणि त्यात पहिलाच प्रश्न होता, 'आपणाकडे सदर चित्रपटाची प्रत आहे काय?' तीन महिने गेले. शेवटी ग्रंथालयातली जुनी मासिकं रद्दीत नेणाऱ्याने सहज सांगितलं, "डबेवाला एक म्हातारा आहे, बाई. रिळांचे डबे. माझी रद्दी आणि त्याचे डबे, दोन्ही एकाच भावात जातात म्हणून ओळख."

म्हाताऱ्याला सगळे मशीनवाले म्हणत. बंद पडलेल्या टॉकीजांत तीस वर्षं मशीन चालवलेला माणूस. त्याच्या खोलीतली खाट विटा लावून छातीएवढी उंच केलेली होती, कारण खाली डबे होते. झोपायला तो स्टुलावरून चढायचा.

"'पिछली सीढ़ी'," तो म्हणाला. "आहे की. सहा रिळं. कोणी विचारायला आलं नव्हतं आजवर."

लेकीला खाटेच्या पायाला हात लावावासा वाटला.

"किती माणसं आहेत?" त्याने विचारलं.

"मी एकटीच."

"मग नाही जमणार. चाळीस तरी पाहिजेत."

"का हो?"

"रिकाम्या जागेत आवाज फुटतो. माणसांचे कपडे आवाज पितात. चाळीस माणसं म्हणजे माणशी दोन कपडे धरा." मग त्याने बोट वर केलं. "आणि शेवटच्या रिळाला कोणी उठायचं नाही. तीस वर्षं त्या भोकातून मी लोकांच्या पाठी बघितल्यात. दहा मिनिटं राहिली की उठले. कोण असायचे माहीत आहे?"

"कोण?"

"स्कूटरवाले."

बाबांच्या स्कूटरची किल्ली लेकीच्या पर्समध्ये होती. तिने ती हळूच तळाशी ढकलली.

चाळीस माणसं बसवायला जागा म्हणजे इमारतीचा तळमजल्यावरचा हॉल, आणि हॉल म्हणजे सेक्रेटरी.

सेक्रेटरी हे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त नियम आवडायचे, जशी काहींना मांजरं आवडतात. आणि बाबांच्या घराशी त्यांचं जुनं प्रकरण होतं. जिन्यातला सामाईक दिवा दहाला मालवायचा असा नियम. घरातलं शेवटचं माणूस परत येईपर्यंत बाबा तो लावून ठेवायचे. लेक ग्रंथालयातून उशिरा येई, कधी परगावाहून पहाटे. सेक्रेटरी दिवा मालवायचे, बाबा लावायचे. असं अकरा वर्षं चाललं. नोटिसा आल्या. बाबांनी उत्तर एकच दिलं, तेही तोंडी, भर सभेत उभं राहून: "बत्ती रहने दो, लड़की अभी आई नहीं।" घरीसुद्धा ते असंच म्हणायचे. आई म्हणायची, ऑफिसातलं हिंदी डोक्यात गेलंय. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, 'सदर सभासदाने विषयांतर करून हिंदीत उत्तर दिले.'

त्यांनी आता चष्मा लावला आणि फॉर्म पुढे सरकवला. "कार्यक्रमाचा प्रकार?"

फॉर्मवर चार पर्याय होते: वाढदिवस, बैठक, शोकसभा, इतर.

"सिनेमा आहे."

"म्हणजे इतर. इतरला कमिटीची मंजुरी लागते. कमिटी तीन महिन्यांनी बसेल. सिनेमा कसला?"

"चोराचा. जुना आहे."

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. "इमारतीत आत्ताच दोन सायकली गेल्यात."

सेक्रेटरींनी फॉर्मकडे बराच वेळ पाहिलं. मग ते खाकरले. "शोकसभेला मंजुरी लागत नाही. तुमच्या वडिलांची झाली नव्हती ना."

झाली नव्हती, कारण लेकीनेच नको म्हटलं होतं. चार माणसांनी उठून 'पोकळी निर्माण झाली' म्हणायचं आणि आपण मान हलवायची, हे तिला झेपणारं नव्हतं. पण शोकसभेला हॉल लगेच मिळत होता. तिने खूण केली. सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने कंसात लिहिलं: चलचित्रासह. मग नियम सांगितले. दोन मिनिटं उभं राहून स्तब्धता, किमान दोन भाषणं, एक ठराव. "एवढं झालं की मग तुमचा चोर आणा."

बातमी दुपारपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचली. तिथे निवृत्त इंजिनिअर राहायचे. त्यांना सगळी इमारत सल्लागार काका म्हणायची, कारण सल्ला मागावा लागत नसे. ते मोजपट्टी घेऊनच खाली आले.

"दिवसा सिनेमा म्हणजे अंधार हवा. खिडक्या सात. सात खिडक्यांना चौदा घोंगड्या."

"काका, जाड चादरी चालतील."

"चादरीतून उजेड गळतो. घोंगड्याच. आणि पूर्वेच्या खिडकीच्या दोन्ही एकावर एक, दुहेरी. सव्वादहाला ऊन तिथून तिरपं आत येतं, थेट भिंतीवर. मी हिशोब केलाय." त्यांनी कागद दाखवला. त्यावर सूर्य होता.

चौदा घोंगड्या गोळा करणं म्हणजे चौदा घरांत चौदा वेळा बसणं. प्रत्येक घरात सल्ला मिळाला. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं की मध्ये मध्ये समजावून सांगणारं कोणीतरी ठेव, लोकांना जुनं कळत नाही. त्यांच्या जाऊबाईंनी सांगितलं की काहीही कर, पण मध्ये मध्ये बोलणारं कोणी ठेवू नकोस. दुसऱ्या मजल्यावर विचारलं गेलं की शोकसभा आहे तर रंगीत कपडे चालतील का, आणि सिनेमा आहे तर पांढरे घालून कसं बसायचं. आईने हे सगळं ऐकून एकच सांगितलं, "घोंगड्यांवर नावं लिही. नाहीतर तुझ्या वडिलांच्या नावाने भांडणं लागतील." मग लेकीने चौदा चिठ्ठ्या टाचल्या, ग्रंथालयात पुस्तकांना लावतात तशा, अनुक्रमांकासह.

रविवारी नऊला हॉलमध्ये चाळीस नव्हे, त्रेपन्न माणसं होती. लेक दारात उभी राहून मोजत होती आणि मोजताना दोनदा चुकली. मशीनवाल्याने टाळी वाजवून पाहिली, कान दिला आणि म्हणाला, "कपडे पुरेत." सल्लागार काकांनी जिन्यातला दिवा मुद्दाम लावून ठेवला. मशीनची तार त्याच लाइनवर होती. दिवा गेला तर फ्यूज गेला समजायचं, अशी त्यांची योजना. सेक्रेटरींनी भर दिवसा पेटलेल्या त्या दिव्याकडे पाहिलं आणि मोठ्या कष्टाने मान वळवली.

स्तब्धता झाली. पहिलं भाषण काकांचं. त्यांनी बाबांपासून सुरुवात केली, तिथून प्रमाणित वजनांवर आले, तिथून पृथ्वीच्या वजनावर गेले, आणि सेक्रेटरींनी घंटी वाजवली तेव्हा चंद्राकडे निघाले होते. दुसरं भाषण कोणी करायचं ते ठरलं नव्हतं. मागून कोपऱ्यावरचा किराणावाला उठला. तो इमारतीत राहतही नव्हता.

"साहेबांनी माझा काटा तीनदा जप्त केला," तो म्हणाला. "चौथ्यांदा आले तेव्हा काटा बरोबर होता. तर अर्धा तास बसले. म्हणाले, आता गिऱ्हाईक म्हणून आलोय, साबण द्या. तेव्हापासून काट्याखाली मी हात घालत नाही. सवयच गेली."

तो खाली बसला. लेकीने मान हलवली. एवढं जड गेलं नाही. मग ठराव झाला, सर्वानुमते, आणि मशीन सुरू झालं.

मशीन एकच होतं. त्यामुळे एक रीळ संपलं की दुसरं लावेपर्यंत पाच मिनिटं दिवे लागत आणि त्रेपन्न माणसं आपापलं मत मांडत. पहिल्या रिळानंतर मत पडलं की आवाज खरखरीत आहे. दुसऱ्यानंतर कोणी आवाजाबद्दल बोललं नाही. नळावरच्या रांगेचा प्रसंग आला तेव्हा लेकीचा हात आपोआप मांडीवर पडला. थाप जरा जोरातच बसली. पुढच्या रांगेतले दोघे वळून बघायला लागले. किल्लीवाल्याच्या सदऱ्याचं तिसरं बटण तुटलेलं होतं. तिने ते प्रत्येक प्रसंगात तपासलं. कोणी शिवलं नव्हतं.

तिसऱ्या रिळात काकांच्या हिशोबाप्रमाणे सगळं झालं, फक्त घोंगडी त्यात नव्हती. पूर्वेच्या खिडकीची दुहेरी घोंगडी, अनुक्रमांक सहा आणि सात, वजनाने खिळ्यासकट खाली आली. पडद्यावर तेव्हा जिन्याखालची खोली होती. किल्लीवाला आईशेजारी बसून कोऱ्या भिंतीकडे बघत होता, आणि नेमका त्या भिंतीवर उन्हाचा एक चौकोन येऊन पडला. खराखुरा, पिवळा, खिडकीएवढा.

"अरे, पडदा गेला," कोणीतरी म्हणालं. दोघं घोंगडी घेऊन धावले. सेक्रेटरी एकटे हलले नाहीत. ते त्या चौकोनाकडे बघत होते. अर्ध्या मिनिटात खिडकी पुन्हा झाकली गेली आणि खोलीत पहिल्यासारखा अंधार झाला.

"सुटणार बघा हा," काका दर रिळानंतर सांगत होते. त्यांचा किल्लीवाल्यावर जीव जडला होता. "हात बघितलेत का त्याचे? असा कारागीर आत टाकतात होय?"

सहावं रीळ लावण्याआधी मशीनवाला उभा राहिला. "आता कोणी उठायचं नाही," त्याने बजावलं आणि दिवे घालवले.

इन्स्पेक्टर मागच्या जिन्याशी आला. पहिली पायरी. चपचप. आणि लेक उठली. तिने ठरवून काही केलं नव्हतं. पायांनीच केलं. चाळीस वर्षांपूर्वीची सवय पायांत होती, ती उभी राहिली आणि खांद्यावरच्या हाताची वाट बघायला लागली.

हात आला, पण आईचा आणि मनगटावर. "बस खाली."

"पाठ दिसतेय," मशीनजवळून आवाज आला.

ती खाली बसते न बसते तोच दार किलकिलं झालं आणि वॉचमन आत डोकावला. "बाहेर ट्रक आलाय, ताई. सामानाचा. तुमच्या बाबांची स्कूटर आडवी येते. हँडल लॉक आहे, हलत नाही."

एखाद्या गोष्टीने माणसाच्या मागे लागायचं म्हणजे किती, याला काही मर्यादा असावी. लेकीने पर्समधून किल्ली काढली. पडद्यावर इन्स्पेक्टर चौथ्या पायरीवर होता. तिने पडद्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि पुन्हा अर्धवट उठली. दवाखान्यातला तो थर्मास तिच्या हातात असल्यासारखा वाटला.

"दे इकडे," सल्लागार काका म्हणाले.

"काका, शेवट आहे. तुम्ही बघा."

"मला माहीत आहे शेवट. सुटतो तो. तू बस." त्यांनी किल्ली घेतली आणि वाकून, मशीनवाल्याला पाठ दिसू नये म्हणून अगदी दुमडून, ते बाहेर गेले.

मग लेकीने आयुष्यात पहिल्यांदा सिनेमाची शेवटची दहा मिनिटं पाहिली.

तिजोरी रिकामी नव्हती. किल्लीवाला पळाला, मागच्या जिन्याने, अंधारात, आणि ज्या जिन्याखाली जन्म काढला त्याच जिन्यावरून पडला. पडला तो उठला नाही. इन्स्पेक्टर त्याच्याजवळ बसून राहिला. मग फाटका बूट वाजवत खाली आला, जिन्याखालच्या खोलीपाशी, आईला सांगायला. दारावर एक पिवळा बल्ब जळत होता. म्हातारीला दिसत कमी होतं. तिला वाटलं, घरमालकाचा माणूस दिवा मालवायला आलाय. ती पडल्यापडल्याच म्हणाली, "बत्ती रहने दो, लड़का अभी आया नहीं।"

इन्स्पेक्टरने टोपी काढली होती. ती त्याने पुन्हा घातली आणि काही न सांगता निघून गेला. पडद्यावर नुसता बल्ब राहिला. मग तोही गेला आणि रिळाची शेपटी फडफडायला लागली.

लेक हलली नाही. म्हणजे बाबांनी शेवट पाहिला होता. कधीतरी एकटे येऊन, शेवटच्या रिळापर्यंत बसून, दिवे लागेपर्यंत. बाकीच्या सिनेमांचेही पाहिले असतील. आणि मग प्रत्येक रविवारी एका लहान मुलीला दहा मिनिटं आधी उठवून, सगळ्या शहरासमोर स्कूटरची घाई असलेला माणूस म्हणवून घेऊन, बाहेर उन्हात आणलं होतं. वाऱ्यात ओरडून खिडक्या वाटल्या होत्या. खरा शेवट स्वतःजवळ ठेवून घेतला होता आणि त्यातलं एकच वाक्य घरी वापरायला काढलं होतं, ती उशिरा आली की तिच्यासाठी.

लिफ्टची गर्दी आठवून तिला या वेळी वेगळंच वाटलं. दहा मिनिटं आधी तिला बाहेर काढायची बाबांची जुनी खोड होती.

आई शेजारी पुटपुटली, "म्हणजे ऑफिसातलं हिंदी नव्हतं ते."

"नव्हतं."

"मला नाही सांगितलं कधी." आईने पदर नाकाला लावला आणि लगेच काढला. "अकरा वर्षं त्या दिव्यावरून मी बोलले त्यांना."

हॉलचे दिवे लागले तरी खुर्च्या वाजल्या नाहीत. मशीनवाल्याने डोकी मोजली. त्रेपन्नातली बावन्न भरली. तो खूश दिसला. लोक मग हळूहळू उठून घोंगड्या शोधायला लागले, अनुक्रमांक वाचत, हलक्या आवाजात. वॉचमन जिन्याकडे गेला आणि भर दुपारी जळणाऱ्या दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"राहू दे," सेक्रेटरी म्हणाले.

वॉचमनने हात तसाच ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्याने हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. "इतिवृत्तात मी विषयांतर लिहिलंय," ते लेकीला म्हणाले. "ती नोंद दुरुस्त करावी लागेल. दुरुस्तीला सभा लागते. बघू."

"तुमचे आभार," लेक म्हणाली. तिला आणखी पुष्कळ म्हणायचं होतं. हॉलसाठी, कंसातल्या शब्दासाठी, चौदा घोंगड्यांसाठी, किराणावाल्यासाठी. पण सेक्रेटरींना लांब वाक्यं सोसत नसत, हे तिला माहीत होतं.

बाहेर ट्रक आत येऊन उभा होता. स्कूटर भिंतीशी नीट लावलेली होती आणि तिच्या शेजारी सल्लागार काका, कपाळाला घाम, हाताला ग्रीस. आठ महिने बंद असलेलं धूड त्यांनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एकट्याने ढकललं होतं. त्यांनी किल्ली लेकीच्या तळहातावर ठेवली.

"काय झालं मग? सुटला ना?"

लेकीने पाहिलं. घोंगड्या काखेत घेऊन इमारत हॉलच्या दारातून बाहेर पडत होती. शेजारी सेक्रेटरी उभे होते. या माणसाने चहाच्या कपांची संख्या चुकली तरी इतिवृत्त थांबवलं होतं.

"सुटला," ती म्हणाली. "तिजोरी रिकामी निघाली. रिकामी तिजोरी उघडणं हा गुन्हा होत नाही."

"मी म्हटलं नव्हतं?" काकांनी स्कूटरच्या सीटवर थाप मारली. "आणि खोली? खोलीचं काय झालं?"

"घेतली. खिडकीची."

"खिडकी कुठल्या बाजूला?" काका इंजिनिअर होते, दिशा विचारल्याशिवाय त्यांना घर दिसत नसे.

"पूर्वेला. सकाळचं ऊन येतं."

काकांनी खात्री करून घ्यायला सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, एकदा जिन्यातल्या दिव्याकडे बघितलं आणि मग, नोंदवहीतून वाचून दाखवावं तशा आवाजात, म्हणाले,

"पूर्वेलाच होती. मी पाहिली."